कोटाच्या आतल्या खिशात

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत, ते जमादारकाका. त्यांच्यामुळं मी बारावीच्या इंग्रजीत पास झालो, त्यांच्यामुळं आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि आज एका शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतो तेही त्यांच्यामुळंच. हे आधीच लिहून मोकळा होतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात तक्रारीचा सूर येणार, हे मला माहीत आहे. मला इतकं हैराण आयुष्यात दुसऱ्या कुणीही केलेलं नाही.

चौदा वर्षं हा माणूस मला एकच प्रश्न विचारत होता. एसटीतून उतरलो की विचारायचा, दवाखान्यात खाटेवर पडलेलो असलो तरी विचारायचा. माझ्या लग्नात त्रिशरण पंचशील झालं, लोकांनी फुलं टाकली, फोटोवाला "इकडं बघा" म्हणाला, तेवढ्यात काका गर्दीतून वाट काढत पुढं आले. मला वाटलं आशीर्वाद द्यायला आले. ते कानाशी वाकून म्हणाले, "सुभ्या, काही कळलं का? त्याच्या खिशात काय होतं रे?"

फोटोत माझं तोंड वाकडं आलं आहे. बायको अजून विचारते की त्या वेळी काय झालं होतं.

काका पोलीस खात्यात हवालदार होते. केज तालुक्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीतले पहिले पगारदार. बाहेर बरीच वर्षं काढून नोकरीच्या उत्तरार्धात ते बदली घेऊन गावाजवळच्या दूरक्षेत्रावर, म्हणजे पोलीस चौकीवर, आले होते. सगळं गाव त्यांना जमादार म्हणे. बोलणं आमच्यासारखंच, पण कुठलीही घटना सांगायची झाली की त्यांच्या तोंडून पंचनामा बाहेर पडायचा. कोंबडी हरवली असं कुणी रडत आलं की ते म्हणत, "रडू नको. सदर कोंबडी शेवटची कुणी समक्ष पाह्यली?" मी एकदा सांगितलं की शाळेत मास्तरांनी मला मारलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या हातानं? किती पावलांवरून? साक्षीदार?" मी नुसती पाठ दाखवली. "मंग मारलं म्हणू नको. मारल्याचं समजतं, असं म्हण."

असा माणूस एका फ्रेंच पिक्चरच्या नादी लागावा, यात दोष आमच्या दूध सोसायटीचा. दुष्काळाचं वर्ष होतं. सोसायटीकडं जनावरांच्या माहितीचे पट दाखवायला टीव्ही आणि व्हीसीआर आला होता. संकरित गाईंची माहिती सभासदांना दाखवायची म्हणून चेअरमननी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला निरोप धाडला, की फ्रिजियनची फिल्म पाठव. निरोप तीन तोंडांतून गेला. भाच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचं फ्रेंच झालं होतं. पोरगं गुणी. त्यानं कुणाकडून तरी उतरवून घेऊन कॅसेट पाठवली, आणि इकडं आमच्या कारकुनानं ती न बघताच वर चिठ्ठी डकवली : 'फ्रिजियन गाय, भाग पहिला.'

तीसचाळीस माणसं भर दुपारी सोसायटीच्या पत्र्याखाली गाय बघायला बसली. कॅसेटमध्ये ना पिक्चरचं नाव, ना पाट्या. एकदम समुद्र, रिकामा रस्ता आणि पाऊस. असा पाऊस, की पलीकडची बँक धड दिसेना. कुणी उठलं नाही. गाय कुठं आहे असंही कुणी विचारलं नाही. दोन वर्षांत आम्ही तसा पाऊस पाहिला नव्हता. एक म्हातारा म्हणाला, "आरं, मागं घे, मागं घे, पुन्हा पडू दे." कॅसेट तीन वेळा मागं घेतली. चौथ्यांदा त्या पावसातून चार चोर उतरून बँकेत शिरले, तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं की ही गोष्ट वेगळी आहे.

गोष्ट अशी होती. एक पोलीस अधिकारी आहे आणि एक हॉटेलवाला आहे. दोघं जिवाचे दोस्त. हॉटेलवालाच बँका लुटतो, हे अधिकाऱ्याला हळूहळू कळत जातं. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी बारावीला इंग्रजीत गचकलेलो, तरी तिथल्यापैकी इंग्रजीला सगळ्यात जवळचा, म्हणून मला पुढं बसवलेलं. मला दहातलं एक वाक्य कळत होतं, उरलेली नऊ मी मनानं रचत होतो. काका शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावरचा पोलीस फार बोलत नव्हता. काकांना ते लई आवडलं.

शेवट आला. सकाळची वेळ, मोकळा रस्ता. दोस्त दारातून बाहेर आला. समोर तो पोलीस साहेब पिस्तूल घेऊन उभा. दोस्तानं थांबून त्याच्याकडं पाहिलं आणि हात हळूच कोटाच्या आत घातला.

तेवढ्यात बाहेरून एक जण पळत आला. "जमादार, उठा! तलावात मोटार टाकलीय. बाया घागरी घिऊन आडव्या झाल्यात, कोयते निघतेत आता!"

काकांनी स्वतःच्या बोटानं व्हीसीआर बंद केला, टोपी घातली आणि निघाले. आम्ही सगळे मागं.

पाझर तलावात उरलेलं पाणी तहसीलदारांनी पिण्यासाठी राखून ठेवलं होतं. त्यात मोटार टाकली होती खुद्द चेअरमननी. सोसायटीच्या गाईंसाठी दोन एकर मका जगवायचा होता. चेअरमन म्हणजे मोठ्या शेतकऱ्याघरचे, वाड्यातले. काकांचे शाळेपासूनचे दोस्त. एका पाटीवर दोघांनी अक्षरं गिरवलेली. काका त्यांना बापू म्हणत, ते काकांना जमादार म्हणत. काकांची पोलिसात निवड झाली तेव्हा वस्तीत पेढे वाटायला चेअरमनच आले होते, असं आई सांगे.

"बापू, मोटार बंद कर," काका म्हणाले.

"गाईंनी काय पाप केलं रे जमादार? त्यायला तहान न्हाई का?"

"ऑर्डर हाय."

"तुझी ऑर्डर पिऊन गाय दूध देती का?"

मागं बायका ओरडत होत्या. सोसायटीची पोरं कोयते घेऊन उभी होती. चेअरमन एक पाऊल पुढं आले आणि त्यांनी उजवा हात बंडीच्या आतल्या खिशात घातला.

काकांची काठी त्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चेअरमन खाली बसले आणि त्यांच्या मुठीतून मोटारीच्या पेटीची चावी चिखलात पडली. काकांनीच ती उचलली, पेटी उघडली, मोटार बंद केली. मग पंचनामा लिहायला बसले. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं. तो कागद नंतर कुणालाच वाचता आला नाही, म्हणतात.

गावातल्या काही शहाण्यांनी याला लगेच जातीचा रंग द्यायला घेतलं. चेअरमनच्या ओट्यावर बैठक बसली. तक्रार करा, याची नोकरी घालवू, असं ठरत होतं. चेअरमन हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, "कसली तक्रार? मोटार उचलताना पाय घसरला माझा." डॉक्टरकडंही त्यांनी हेच सांगितलं, वरून साहेब चौकशीला आले त्यांनाही हेच. जिथं शंभर माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं तिथं ते शेवटपर्यंत घसरलोच म्हणाले. काकांची नोकरी राहिली.

आणि काका त्यांच्या घरी गेले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. बोलणं बंद. कुणी म्हणेल, लाज वाटली असेल. लाज असती तर मी समजून घेतलं असतं. त्यांचं कारण वेगळंच होतं, आणि ते कारण ऐकून मी आजही कपाळावर हात मारतो.

त्याआधी कॅसेटचं सांगितलं पाहिजे. मोटारीच्या भानगडीनंतर आठ दिवसांनी सोसायटीची वार्षिक सभा झाली. केजहून लग्नाचं शूटिंग करणारा आणला होता. त्यानं कोरी कॅसेट मागितली. कारकुनानं विचार केला, हिच्यात गाय तर नाहीच. म्हणून 'फ्रिजियन गाय, भाग पहिला' त्याच्या हातात ठेवली. काकांनी जिथं ती थांबवली होती तिथूनच सभा उतरवली गेली आणि पिक्चरचा शेवट पुसला गेला. त्यामुळं कॅसेट लावली की असं दिसे : तो फ्रेंच माणूस कोटाच्या आत हात घालतो, पडदा एकदा थरथरतो आणि चेअरमन दिसतात. प्लॅस्टरमधला उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातानं हार सावरत, मागं लाऊडस्पीकरवर "सभासद बंधूंनो, शांतता राखावी."

काका हे पहिल्यांदा बघत होते तेव्हा मी शेजारी होतो. ते फक्त म्हणाले, "बंद कर."

इतर माणसानं त्या कॅसेटचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. काकांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावून घेतलं. हातात तालुक्याहून आणलेली डिक्शनरी. "तू इंग्रजीत गचकलास न्हवं? ऑक्टोबरला पुन्हा बसायचंय न्हवं? मंग हे सगळं वाचायचं. पहिल्यापासून. शेवट न्हाई तर न्हाई, पण आधीच्या बोलण्यात कुठंतरी असंल, ह्यो दोस्त पिस्तूल कुठल्या खिशात ठिवतो ते."

अशी माझी इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी सोसायटीत. आम्ही येतो हे चेअरमनना ठाऊक होतं. त्यांनी अडवलं नाही, उलट त्यांनी दुपारी ऑफिसला यायचंच सोडलं. मी एक वाक्य वाचायचं, कॅसेट थांबवायची, डिक्शनरी काढायची, वहीत मराठी लिहायचं. काका मराठी तपासत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मराठीवर त्यांची नजर ससाण्यासारखी. मी लिहिलं, 'तो त्याला म्हणाला की तो आला नाही.' काका कडाडले, "कोण तो? कुणाला? कोण आला न्हाई? कोर्टात तीन 'तो' उभे ऱ्हायले तर न्यायाधीश कुणाला फाशी देईल बे?" मग मला उलट इंग्रजीकडं जाऊन कर्ता कोण, कर्म कोण हे शोधावं लागे. व्याकरण शाळेत मला कधी कळलं नव्हतं. ते मला काकांच्या वैतागातून कळलं. 'अ‍ॅलिबाय' म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडंच होतो हा पुरावा, हा शब्द मी 'छत्री'चं इंग्रजी शिकायच्या आधी शिकलो.

रोज शेवटी मात्र परीक्षा असे. दोस्ताचा हात कोटात गेला की मी झटकन बटण दाबायचं. क्षणभर उशीर झाला की प्लॅस्टरमधला हात पडद्यावर. मग काका दिवसभर माझ्याशी बोलत नसत, जणू सभा मीच भरवली होती.

मी ऑक्टोबरला पास झालो. नुसता पास नाही, पस्तिसाच्या कितीतरी पुढं. औरंगाबादला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा वडील तलावाच्या कामावर खडी फोडत होते. ते म्हणाले, आता बास. काका त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सदर मुलाला मी समक्ष वाचताना पाह्यलंय. त्याला आडवू नका." वडिलांनी अडवलं नाही. निघताना मी काकांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं नाही, वाकलेल्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शहरात असंल हा पिच्चर. शेवट बघून ये. मंग मला बापूकडं जायचं का न्हाई ते ठरवता येईल."

हेच ते कारण. तेव्हा मी सरळ उभा राहिलो आणि विचारलं, "काका, पिक्चरच्या शेवटाचा आणि चेअरमनचा काय संबंध?"

"का म्हून न्हाई? ह्यो साहेब माझ्यापेक्षा मोठा पोलीस. दोस्ताला माझ्यासारखाच वळखतो. दोस्ताचा हात आत गेला. आता साहेबानं गोळी घातली, अन् खिशात पिस्तूल निघालं, तर हात बघून हाणणारा पोलीस बरोबर. मी बी बरोबर. मंग का म्हून जाऊ? अन् न्हाई निघालं, तर मी जातो. पाय धरतो बापूचे."

"अहो, पण चेअरमनच्या खिशात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे! चावी होती! तुम्हीच उचललीत!"

"ते हाणल्यावर कळलं," काका म्हणाले. "हाणायच्या आधी काय कळायला पायजे होतं, ते इचारायलोय मी."

मी पिशवी खांद्याला लावली आणि एसटी पकडली. 

औरंगाबादला मी विचारून विचारून थकलो. पिक्चरचं नाव माहीत नाही, नटांची नावं माहीत नाहीत. व्हिडिओ लायब्ररीत जाऊन मी सांगायचो, "पाऊस, समुद्र, बँक, पोलीस, दोस्त." दुकानदार म्हणायचा, "हिंदीत बघा की, शंभर निघतील." चेअरमनचा भाचा परदेशी गेला होता. प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, आधी अभ्यास करा. गावी आलो की काका स्टँडवर उभे. तोच प्रश्न. मी नाही म्हणून मान हलवायचो. ते माझी पिशवी उचलून चालू लागायचे, आणि घर येईपर्यंत त्या गप्प चालण्यानं मला गुन्हेगार करून टाकायचे.

तिसऱ्या वर्षी मी वैतागून खोटं बोललो. स्टँडवरच म्हणालो, "काका, बघितला. पिस्तूल नव्हतं. जा आता चेअरमनकडं."

ते थांबले. पिशवी खाली ठेवली. "कुठं बघितलास?"

"टॉकीजला."

"गोळ्या किती?"

"एक."

"साहेब उजवीकडं होता का डावीकडं?"

"डावीकडं."

"दोस्ताच्या अंगावर कोट कसला?"

"काळा."

"झडती कुणी घेतली?"

मी अडखळलो. काकांनी पिशवी पुन्हा उचलली. "सुभ्या, पोलिसाला खोटी साक्ष दिऊ नये. त्यातून माझ्यासाठी तर बिल्कुल न्हाई." पुढं महिनाभर ते माझ्याशी तुटक वागले, आणि खरं सांगायचं तर मलाच रडू आलं. त्यांच्या भल्यासाठी खोटं बोलावं तर तेही हा माणूस चालू देत नव्हता.

चेअरमनच्या मुलीच्या लग्नात तर हद्द झाली. पत्रिका आली होती, नाव घालून. काका गेले, पण मांडवात नाही. रस्त्याच्या तोंडाशी खाकी घालून, काठी घेऊन, दिवसभर जीपा आणि बैलगाड्या बाजूला लावत उभे. चेअरमननी पोराच्या हाती ताट पाठवलं. काका म्हणाले, "ड्युटीवर खात न्हाई." त्या दिवशी त्यांची रजा होती. काकूंनी मला तो रजेचा अर्ज दाखवला. कारण लिहिलं होतं, 'मित्राच्या कन्येचा विवाह.' मी ताट घेऊन पुन्हा गेलो. म्हणालो, "काका, तुम्ही रजेवर आहात." ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" आणि समोरच्या बैलगाडीला शिट्टी मारली. शेवटी ती जिलेबी मी खाल्ली, त्यांच्याकडं रागानं बघत.

असं करत वर्षं गेली. काका निवृत्त झाले. मी शाळेत लागलो, लग्न झालं, ते कानात विचारणं झालं. पुन्हा दुष्काळ आला. सोसायटीच्या गाई विकल्या गेल्या, पत्र्याखालच्या ऑफिसला कुलूप लागलं. त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो तेव्हा चेअरमनना भेटून आलो. एकटेच होते. मुलीकडं लातूरला कायमचं राहायला निघायचं ठरलं होतं. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "जमादाराचं बरं हाय ना? खोकला लई ऐकू येतो म्हणतेत." त्यांच्या दारातून काकांचं दार दिसत नाही, पण आमच्या गावात खोकला सगळ्यांना ऐकू येतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या शिक्षकांचं प्रशिक्षण पुण्यात होतं. संध्याकाळी सोबतचा एक शिक्षक मला परदेशी पिक्चर दाखवणाऱ्या एका सभागृहात घेऊन गेला. फुकट होतं, पंखे होते, म्हणून मी गेलो. दिवे मालवले. पाट्या गेल्या. आणि समुद्र, रिकामा रस्ता, पाऊस.

मी खुर्चीत ताठ झालो. पुढचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. शेजारचा माझ्याकडं बघत होता, कारण मी ओठातल्या ओठात मराठी म्हणत होतो, तेही पंचनाम्याचं. शेवट आला. दोस्त दारातून बाहेर पडला, थांबला, हात कोटात गेला, आणि माझं बोट खुर्चीच्या हातावर बटण दाबल्यासारखं दाबलं गेलं. पण पिक्चर थांबला नाही. मी पहिल्यांदा पुढचं पाहिलं.

सकाळी पहिलं व्याख्यान बुडवून मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. उत्तर आलं नाही. काकांनी कुणाच्या पत्राला कधी उत्तर दिल्याचं मला माहीत नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा काका स्टँडवर आले होते, पिशवी उचलून चालू लागले होते, आणि त्या एका वेळेला त्यांनी काहीच विचारलं नाही. मीही चिडून विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते वारले.

मागच्या महिन्यात चेअरमनचा मुलगा मला लातूरला भेटला. त्यानं वडिलांच्या कागदांतून काढून माझं पत्र माझ्या हातात ठेवलं. त्या आठवड्यात तो वडिलांचं सामान बांधायला गावी आला होता. त्यानं सांगितलं ते असं : काका दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. हातातला कागद पुढं करून म्हणाले, "बापू, हे वाच. सुभ्यानं समक्ष पाह्यलंय." चेअरमननी चष्मा लावून सगळं वाचलं, आणि म्हणाले, "मी चावी द्यायलो होतो, हे तुला फ्रान्सहून कळवावं लागलं व्हय रे, जमादार?"

मग दोघं दिवस कलेपर्यंत ओट्यावर बसले होते. काय बोलले, ते त्याला माहीत नाही. पत्र इथं देतो.

आदरणीय काका,

सविनय जय भीम.

काल तो पिक्चर मी पुण्यात समक्ष पाहिला. या वेळी खोटं नाही. हवी तेवढी उलटतपासणी घ्या.

वेळ सकाळची. रस्ता रिकामा. सदर इसम दारातून बाहेर आला व साहेबांना पाहून थांबला. त्याने उजवा हात कोटाच्या आतल्या खिशात घातला. साहेबांनी गोळी झाडली. सदर इसम जागीच पडला. कोट उघडून पाहिला. खिशात पिस्तूल नव्हतं, सुरा नव्हता, काहीही नव्हतं. कोट काळा नव्हता, त्या वेळी मी चुकलो होतो.

माझ्या शेजारी बसलेले शिक्षक म्हणाले, त्याला मरायचंच होतं म्हणून त्यानं मुद्दाम हात घातला. तसं असेलही. मला ते दिसलं नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

तुम्ही विचारता, मारायच्या आधी काय कळायला पाहिजे होतं. मी डोळे न मिटता पाहिलं, काका. ते त्या पिक्चरमध्ये नाही. साहेबालाही ते कळलेलं दिसत नाही. तो गाडीत बसला. गाडीतला फोन वाजत राहिला, त्यानं उचलला नाही. गाडी चालत राहिली आणि पिक्चर संपला. तो कुणाच्या घरी गेला नाही. ज्याच्या घरी जायचं, तो रस्त्यावर पडला होता.

तुमचा दोस्त घरी आहे.

मी तुमच्यावर फार चिडलेलो आहे. चौदा वर्षं तुम्ही पुरावा मागत बसलात आणि मला त्यात पळवलंत. तुमच्यामुळं मी शिकलो, म्हणून इतके दिवस बोललो नाही. आज बोलतो. चेअरमन येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं लातूरला कायमचे जाणार आहेत. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. त्याच दिवशी जा. खाकी घालू नका. काठी घरी ठेवा.

गेल्यावर चहा येईल. कप त्यांच्या उजव्या हातात देऊ नका. त्या हातात आता कप राहत नाही. मी दिला होता, तो सांडला, आणि चेअरमन म्हणाले, थंडीनं होतं. उन्हाळा होता काका.

तुमचा,
सुभाष